कुलूप शाबूत राहिले, कोयंडा गेला

वाचकाचे पत्र : आम्ही दोघे, वय 67 आणि 62, इंदूरला सुदामा नगरात स्वतःच्या घरात राहतो. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळूरला असतो. वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन विद्यार्थी किरायाने राहतात. गेल्या महिन्यात आमच्या ओळीतील दोन घरे फुटली. त्यांपैकी एक बंद होते, दुसऱ्यात मात्र माणसे आत झोपलेली होती. तेव्हापासून यजमानांना झोप नाही. दिवाणखान्यातील आजोबांची तलवार त्यांनी उशाशी आणून ठेवली आहे, पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अर्ज करायचा म्हणतात, आणि मागच्या भिंतीवर तार ओढून तीत रात्री करंट सोडण्याचे त्यांनी जवळजवळ नक्की केले आहे. मला चोरापेक्षा या तयारीचीच भीती वाटू लागली आहे. शिवाय डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने पुण्याला जायचे आहे. घर बंद करून दोघांनी जावे, की यजमानांनी राखणीला येथेच राहावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपला शेवटचा प्रश्न मी शेवटीच घेणार आहे. परंतु एका गोष्टीला थांबायला वेळ नाही, म्हणून ती आधी लिहितो. तारेत करंट सोडण्याचा बेत हे उत्तर वाचून होताच सोडून द्यावा, आणि वायरमनला बोलावणे गेले असेल तर त्याला नको म्हणून कळवावे.

शेतात नीलगाय येऊ नये म्हणून आपल्या माळव्यात शेतकरी जे झटका मशीन लावतात, ते क्षणभराचा धक्का देऊन थांबते, मग पुन्हा देते, आणि मधल्या वेळात जनावराला मागे सरता येते. घरातील 230 व्होल्टचा पुरवठा असा थांबत नाही. त्याने हाताचे स्नायू आकसतात, त्यामुळे ज्याने तार पकडली त्याला ती सोडताच येत नाही. शिवाय तारेला माणूस ओळखता येत नाही. आपल्या मागच्या बॅकलेनमध्ये पहाटे सफाई कर्मचारी येतात, भिंतीपलीकडे गेलेला चेंडू काढायला पोरे चढतात, पावसाळ्यात भिंतच ओली असते, आणि रात्री सोडलेला करंट सकाळी बंद करायला एखाद्या दिवशी विसरणे हे तुमच्याआमच्या वयात अशक्य नाही. कायद्यानेही येथे आधार मिळणार नाही. स्वसंरक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की सुरू होतो, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत तो कधीच जात नाही. मालक झोपलेला असताना वाट पाहत बसलेल्या तारेला ना भीती कळते ना प्रमाण. तिच्यामुळे कोणी दगावले, तर निदान निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 106, यजमानांवर लागेल. धोका ठाऊक असून तार लावली असे दिसले, तर कलम 105 खालचा सदोष मनुष्यवधाचा, याहून जड गुन्हाही लागू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरफोडी करणाऱ्याला तुमच्याशी लढायचे नसते. त्याला रिकामे घर, काळोख, शांतता आणि थोडी मिनिटे एवढेच हवे असते. तेव्हा त्याला हरवणे हे आपले काम नाही. त्याला वेळ लागावा, आवाज करावा लागावा आणि उजेडात उभे राहावे लागावे, एवढेच आपले काम आहे. हे काम तलवारीने होत नाही, सुताराने आणि लोहाराने होते.

वीसेक वर्षांपूर्वी रामबागेतील माझे घर फुटले, त्या वेळी मी सात लिव्हरचे भारी पितळी कुलूप लावून लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा कुलूप ओसरीवर पडलेले होते, बंदच्या बंद, आणि खिशातील किल्लीने ते झकास उघडतही होते. फक्त त्याच्यासोबत कोयंडाही निघून आलेला होता, कारण तो पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर उभा होता. वर्तमानपत्रात आपण ‘कडी-कोयंडा तोडून’ किंवा आपल्या इकडच्या हिंदीत ‘नकूचा तोड़कर’ असे वर्षानुवर्षे वाचतो आणि बाजारात जाऊन पुन्हा कुलूपच महागाचे आणतो. पहार, जिला येथे सब्बल किंवा टॉमी म्हणतात, ती कुलपाला लावलीच जात नाही. ती कोयंड्याच्या फटीत किंवा दार आणि चौकट यांच्यामध्ये घातली जाते.

म्हणून सुताराला बोलावून आधी कोयंडे पाहावेत. कोयंडा जाड पत्र्याचा असावा आणि दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टने, आतून वायसर व नट लावून, कसलेला असावा. स्क्रूची डोकी बाहेरून दिसत असतील तर ती सब्बलीचीही गरज ठेवत नाहीत, पेचकस पुरतो. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, नीट बसलेली आहे का, तेही हलवून पाहावे. जुन्या घरांत वाळवीने चौकट आतून पोकळ झालेली असते आणि ऑइल पेंटमुळे ते दिसत नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस असतील तर त्यांच्या खिळी सुतार जागेवरच ठोकून पक्क्या करून देतो. मुख्य दाराला बाहेर लोंबणाऱ्या कुलपाऐवजी दारातच बसवलेले, आत-बाहेर दोन्हीकडून किल्लीने चालणारे कुलूप असावे, कारण लोंबणारे कुलूप ‘घरात कोणी नाही’ ही पाटीच असते. आपल्याकडील बहुतेक घरांप्रमाणे आपल्याही ओसरीला चॅनल गेट असेल, तर त्याचे कुलूप आतल्या बाजूला, हात घालून पोहोचता येईल परंतु सब्बल फिरवता येणार नाही, अशा लोखंडी खोक्यात घ्यावे. असे खोके कोणताही फॅब्रिकेटर बसवून देतो.

पुढचे दार आपण सगळेच पाहतो. चोर मात्र मागून येतो. इंदूर स्वच्छतेत पहिले येऊ लागल्यापासून बॅकलेन मोकळ्या झाल्या, काही ठिकाणी रंगवल्याही गेल्या. ही चांगलीच गोष्ट झाली, पण पूर्वी कचऱ्याच्या ढिगाने अडलेली वाट आता दोन्ही टोकांना खुली आहे, हेही खरे. तिकडे उघडणारे मोरीचे दार, स्वयंपाकघराचा एग्झॉस्ट पंख्याचा झरोका, संडासाची काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि विशेषतः गच्चीचे दार पाहावे. गच्चीला लोक कुलूपच लावत नाहीत, किंवा आतून एक चिटकणी लावून निश्चिंत होतात. शेजारची गच्ची आपल्या गच्चीला लागून असेल, तर ते आपले दुसरे मुख्य दारच समजावे. खिडक्यांचे गज चौकटीला वेल्ड केलेले किंवा भिंतीत गाडलेले असावेत. बाहेरून स्क्रूने लावलेली शोभेची जाळी ही केवळ शोभाच असते. बागकामाची शिडी आणि पहार अंगणात पडलेली असतात, ती आत घ्यावीत. आपलीच शिडी लावून आपल्याच घरात येणाऱ्यांची उदाहरणे मी ऐकली आहेत.

उजेडासाठी फार खर्च लागत नाही. मागच्या बाजूला हालचालीने पेटणारे दोन दिवे लावावेत, आणि वायरमन येणारच असेल तर त्याच्याकडून करंटऐवजी हे करून घ्यावे, की घराबाहेरचे सगळे दिवे पलंगाशेजारच्या एका बटणाने लागतील. आपण कॅमेऱ्याबद्दल विचारलेले नाही, तरी दोन शब्द लिहितो. कॅमेरा चोर थांबवण्यापेक्षा नंतर ओळखायला अधिक उपयोगी पडतो, आणि त्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, टीव्हीखाली उघड्यावर ठेवला तर चोर तोही घेऊन जातात. तो कुलपाच्या कपाटात किंवा माळ्यावर असावा.

आपल्याकडे सर्वांत मोठा पहारा आहे आणि त्याचा आपण पत्रात केवळ ओझरता उल्लेख केला आहे. तो म्हणजे वरचे दोन विद्यार्थी. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी रात्री दोनपर्यंत जागा असतो, आणि दोनला जागा असलेला माणूस पगार देऊनही मिळत नाही. त्यांची पोलीस थान्यात रीतसर नोंद केली नसेल तर करावी, परंतु ती संशयाने नव्हे. त्यांना एक दिवस जेवायला बोलवावे, दोघांचे क्रमांक फोनमध्ये सर्वांत वर ठेवावेत, आणि खालून भांडे वाजले किंवा फोनची एक घंटी आली की काय करायचे, हे ठरवून घ्यावे. समोरच्या आणि मागच्या एकेका शेजाऱ्याशीही असेच ठरवावे. गल्लीतील कुत्र्याला रोज पोळी घालत असाल तर ती चालू ठेवावी.

रात्री आवाजाने जाग आली तर काय करावे, हे दिवसाउजेडी ठरवलेले असावे. उठून पाहायला जायचे नाही. झोपण्याच्या खोलीला आतून दोन भक्कम कड्या असाव्यात आणि झोपताना त्या लावलेल्या असाव्यात. फोन चार्ज करून उशाशी असावा, तलवारीच्या जागी. जाग येताच बाहेरचे सगळे दिवे एका बटणाने लावावेत, 112 वर फोन करून पत्ता खुणेसह सांगावा, मग वरच्या मुलांना, मग शेजाऱ्यांना कळवावे, आणि मोठमोठ्याने ओरडावे. ओरडताना चार-पाच माणसे घरात असल्यासारखी नावे घ्यावीत. यात लाज वाटण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा दिवा आणि आरडाओरड झाली की काम तेथेच संपते. त्याला पळायला वाट मोकळी राहू द्यावी. कोंडलेला माणूस जास्त घातक असतो.

आणि तो खोलीतच आलेला असेल तर? तर त्याला हवे ते देऊन टाकावे, हात दिसतील असे ठेवावेत, आणि सावकाश बोलावे. त्या क्षणी एक चूक माणसे हमखास करतात, ती म्हणजे ‘ओळखले मी तुला’ असे म्हणतात. ओळखले असले तरी तसे दाखवू नये. चाल, उंची, बोलण्याची ढब, कोणत्या दिशेने गेला, हे मनात टिपावे आणि तो गेल्यावर लगेच कागदावर उतरवावे, कारण सकाळपर्यंत चौघांचे बोलणे ऐकून आठवण बदलते.

यजमान म्हणतील की मग कायद्याने दिलेला हक्क कशासाठी? हक्क आहे, आणि तो लहान नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत तो सांगितला आहे. कलम 41 प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा जीवाची वा गंभीर इजेची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतील चोरी, या प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क प्रसंगी समोरच्याच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटले आहे की वाजवी भीती पुरेशी आहे, आणि जिवावर बेतलेल्या माणसाकडून प्रत्येक वार तोलून मापून करण्याची अपेक्षा करता येत नाही. परंतु याच निकालात न्यायालयाने बजावले आहे की हा हक्क बचावाचा आहे, सूड घेण्याचा नाही. घुसखोरी चालू आहे तोवर तो टिकतो. चोर पळाल्यावर त्याला गाठून मारणे, किंवा पकडून खांबाला बांधल्यावर मोहल्ल्याने हात धुऊन घेणे, हा बचाव नव्हे, तो वेगळा गुन्हा आहे. कोणी पकडला गेलाच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाकारण विलंब न करता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. ‘टोळी फिरते आहे’ असे संदेश फोनवर फिरू लागले की परक्या वाटसरूला धरून मारण्याचे प्रकार होतात, त्यांपासून यजमानांनी दूर राहावे, हे मी आवर्जून लिहितो.

हक्क असणे आणि तो रात्री तीन वाजता, चष्मा सापडत नसताना, वापरता येणे यांत मात्र अंतर आहे. आजोबांच्या तलवारीबद्दल मला आदर आहे. होळकरांच्या या गावात अशा तलवारी बऱ्याच घरांत आहेत. पण अंधारात दोघांच्या झटापटीत हत्यार शेवटी कोणाच्या हातात राहील, याचा अंदाज 67 व्या वर्षी बांधता येत नाही. दिवाणखान्यात टांगलेले हत्यार तर बाहेरून येणाऱ्याच्याच हाताला आधी लागते. पिस्तुलाचेही तसेच. ग्वाल्हेर-चंबळकडे खांद्यावरची बंदूक ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते, माळव्यात ती रीत कधी रुजली नाही, आणि त्याने माळव्याचे काही अडले नाही. लायसन्ससाठी 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अर्ज, पोलीस पडताळणी, हाताळणीचे प्रशिक्षण हे सारे करून पिस्तूल आलेच, तरी ते कुलपात ठेवावे लागेल आणि निवडणुका आल्या की सामान्यतः थान्यात जमाही करावे लागेल. कुलपातले पिस्तूल जाग आल्यावर उपयोगाचे नाही, आणि उशाखालचे पिस्तूल सुट्टीत येणाऱ्या नातवंडांच्या हाती लागण्याचे भय आहे. घर फुटले तर चोराला सोन्याहून तेच अधिक आवडेल. पूर्वीच्या बायका तिखटाची पुडी जवळ ठेवत. पंखा चालू असलेल्या खोलीत ती उधळली तर आधी कोणाचे डोळे जातील, हे सांगायला नको. मिरीच्या फवाऱ्यालाही बंद खोलीत हीच अडचण आहे.

दागिन्यांचे थोडक्यात लिहितो. रोजचे मंगळसूत्र आणि बांगड्या सोडून बाकी सोने बँकेच्या लॉकरमध्ये जावे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत असते. भाडे 3,000 रुपये असेल तर ती 3 लाखांपर्यंत जाते, हे धरूनच काय कोठे ठेवायचे ते ठरवावे. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती मुलांकडेही असू द्यावी. गोदरेजच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात किंवा देवघरात, आणि बाहेरच्या दाराची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवण्याची आपली पद्धत चोरांना तोंडपाठ आहे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण दोघेच राहणाऱ्या वयस्क माणसांना रात्रीइतकाच, कदाचित अधिक, धोका दुपारचा असतो. गॅसची नळी तपासायला, मीटर पाहायला, दागिने चमकवून द्यायला माणसे येतात. रस्त्यात ‘पुढे लूट झाली आहे, दागिने काढून रुमालात ठेवा’ म्हणणारे नकली पोलीस भेटतात. बाहेरचे जाळीचे दार बंद ठेवूनच बोलावे. खऱ्या माणसाला थांबवून कार्यालयात फोन केला तर त्याचा अपमान होत नाही. दागिने उजळण्यासाठी दारावर आलेल्या माणसाशी तर बोलणेच टाळावे.

घर फुटलेच, तर आत शिरून आवरू नये. कपाटाला, कुलपाला, सांडलेल्या डब्याला हात लावू नये, कारण बोटांचे ठसे घ्यायला पथक येते आणि तोवर आपण काळजीने सगळे पुसून ठेवलेले असते. प्रथम माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. फिर्याद ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांच्या आत थान्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. चोरीचा विमा असेल तर कंपनी बहुधा हाच अहवाल आणि जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा मागते.

आता पुण्याचे. दोघांनी जावे. एकट्या माणसाला घर राखायला ठेवणे म्हणजे त्या माणसालाच धोक्यात ठेवणे, आणि तेही यजमानांच्या सध्याच्या मनःस्थितीत मला बरे वाटत नाही. विद्यार्थी राहणार असतील तर घर खरे म्हणजे बंद नसेलच. त्यांना एखादा महिना किराया कमी करून सांगावे की रोज सकाळी कचऱ्याची गाडी आली की खालच्या मजल्याच्या नावानेही एक पिशवी टाका. इंदूरमध्ये चार दिवस कचरा न देणारे घर साऱ्या गल्लीच्या लक्षात येते. वर्तमानपत्र आणि दूध बंद करावे, ओसरीचा दिवा दिवसरात्र चालू न ठेवता विद्यार्थ्यांकडून संध्याकाळी लावून रात्री बंद करवावा, कारण भर दुपारी जळणारा दिवा सगळे काही सांगतो. बीटच्या पोलिसाला जाण्याची तारीख सांगावी. बाळाचे फोटो जगाला दाखवायची घाई पुण्यातून करू नये, परतल्यावर दाखवावेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुताराचे काम संपलेले असावे. सुतार तारखा पाळत नाहीत, म्हणून त्याला आजच बोलावून घ्यावे. तलवार तेल लावून, म्यानात घालून लोखंडी पेटीत कुलपात ठेवावी, आणि पुढच्या खंडेनवमीला पूजेसाठी यजमानांनी ती आपल्या हाताने बाहेर काढावी.